ऑफिसातले इंटरनेट फोन आणि कॉम्प्युटर: वीज, वायरी आणि नेटवर्क याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या अडत दुकानांपासून विश्रामबागेतल्या सीएंच्या ऑफिसांपर्यंत आणि मिरजेतल्या दवाखान्यांपासून कुपवाड एमआयडीसीतल्या शेडपर्यंत आम्ही आयपी फोन (म्हणजे इंटरनेटवरून चालणारे फोन) आणि कॉम्प्युटरचं नेटवर्क बसवतो. बसवून परत आलो की विचारणा सुरू होते आणि प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून ते इथे लिहून काढले. फोन कुठल्या कंपनीचा आहे याने फारसा फरक पडत नाही. मागची भोकं, वायरी आणि दिवे सगळ्यांचे जवळपास सारखेच असतात.

लाईट गेली की फोनही जातो. आधीचा लँडलाईन तर कधी बंद पडत नव्हता?

हा प्रश्न पहिला ठेवला, कारण बाकीच्या निम्म्या तक्रारी इथूनच निघतात. जुन्या लँडलाईनला वीज टेलिफोन एक्स्चेंजमधून यायची. तिथे ४८ व्होल्टच्या बॅटऱ्यांचा संच असायचा, त्यामागे जनरेटर असायचा, आणि बोलण्याच्या त्याच दोन तारांतून तुमच्या फोनला लागेल तेवढी वीज मिळायची. सगळ्या पेठेत अंधार असला तरी रिसीव्हर उचलला की टोन यायची, ती त्यामुळे.

आयपी फोनला बाहेरून कोणी वीज देत नाही. तो तुमच्याच बोर्डावर चालतो. एक्स्चेंजच्या बॅटरी रूमचं काम आता तुमच्या अंगावर आलंय, आणि फोन विकताना ही गोष्ट बहुधा कोणी सांगत नाही. शिवाय फोन एकटा नसतो. फोन, त्याच्यामागे स्विच (दिव्याचं बटण नव्हे, सगळ्या फोन-कॉम्प्युटरच्या वायरी जिथे एकत्र येतात तो डबा), स्विचच्या मागे राऊटर (ऑफिसचं नेटवर्क इंटरनेटला जोडणारा डबा) आणि शेवटी बाहेरून येणारी इंटरनेटची लाईन जिथे संपते तो फायबरचा डबा, अशी ती साखळी आहे. यातल्या एकाचीही वीज गेली की फोन मुका. ‘आम्ही फोनला यूपीएस लावलाय की’ म्हणणाऱ्यांच्या ऑफिसात पोटमाळ्यावरचा स्विच साध्या बोर्डात लावलेला असतो, हे आम्ही कितीतरी ठिकाणी बघितलंय. तेव्हा फोनचं मॉडेल निवडण्याआधी या चौघांना वीज कुठून मिळणार ते ठरवा.

फोनच्या मागे सारखीच दिसणारी दोन भोकं आहेत. कुठली वायर कुठे घालायची?

एका भोकावर ‘लॅन’, ‘इंटरनेट’, ‘नेटवर्क’ किंवा ‘एसडब्ल्यू’ असं लिहिलेलं असतं. भिंतीतल्या पॉईंटवरून येणारी वायर त्यात. दुसऱ्यावर ‘पीसी’ लिहिलेलं असतं किंवा कॉम्प्युटरचं चित्र असतं. त्यातून निघालेली छोटी वायर तुमच्या कॉम्प्युटरला. फोनच्या पोटात दोन पोर्टचा (म्हणजे दोन भोकांचा) बारीक स्विचच असतो, त्यामुळे भिंतीतल्या एका पॉईंटवर फोन आणि कॉम्प्युटर दोन्ही चालतात.

वायरी उलट्या घातल्या तर गंमत होते. काही फोन तरीही चालतात, काहींना वीजच मिळत नाही, आणि काही चालू होतात पण नंबर रजिस्टर होत नाही, म्हणजे सेवा देणाऱ्याकडे त्याची नोंद होत नाही. म्हणून आधी फोन पालथा घालून अक्षरं वाचा. टेबलाखाली वाकून अंदाजाने घालू नका.

रिसीव्हरची पिळाची वायर वेगळीच असते, तिची पिन बारीक. हेडसेटचं भोकही तसंच दिसतं. रिसीव्हर चुकून त्यात घातला की रिंग वाजते, फोन उचलता येतो, पण कानात काही येत नाही. नवीन फोनमध्ये ‘आवाजच नाही’ ही तक्रार आली की आम्ही आधी हेच विचारतो.

फोनमधून कॉम्प्युटर जोडला तर तो हळू चालतो का?

फोनवर बोलल्यामुळे नाही. फोन कसला आहे त्यावर आहे. स्वस्त मॉडेलमध्ये पोर्ट १०० एमबीपीएसचे असतात. मग तुमचा स्विच आणि कॉम्प्युटर गिगाबिटचे (म्हणजे १००० एमबीपीएसचे) असले तरी मधल्या फोनमुळे सगळं १०० वर येतं. इंटरनेटला ते पुरतं, पण सर्व्हरवरचा टॅलीचा डेटा किंवा मोठ्या स्कॅन फाईली उघडताना जाणवतं. अशा टेबलाला गिगाबिटचा फोन घ्या, नाहीतर कॉम्प्युटरला स्वतंत्र पॉईंट द्या. आणि हो, फोन रीस्टार्ट झाला की त्याच्यामागच्या कॉम्प्युटरचं नेटही तेवढा वेळ जातं. बँकेचं पेमेंट चालू असताना फोनची पिन काढू नका.

खोक्यात ॲडॉप्टरच आला नाही. विसरले का?

बहुधा विसरले नाहीत. बरेच आयपी फोन ॲडॉप्टरशिवायच विकले जातात, कारण ते पीओईवर चालतात, म्हणजे लॅनच्या (ऑफिसातल्या नेटवर्कच्या) वायरीतूनच वीज घेतात. त्यासाठी स्विच पीओईचा हवा. साधा स्विच असेल तर दोन वाटा आहेत. प्रत्येक फोनला त्याचा ॲडॉप्टर घ्यायचा, किंवा मध्ये पीओई इंजेक्टर लावायचा. इंजेक्टरलाही दोन भोकं असतात. ‘डेटा इन’मध्ये स्विचकडून येणारी वायर आणि ‘पीओई आउट’मधून फोनकडे जाणारी.

आमचं मत विचाराल तर चार-पाच फोनच्या वर गेलात की पीओई स्विचच घ्या. पैसे थोडे जास्त जातात, पण टेबलावरचा एक ॲडॉप्टर कमी होतो, बोर्डावरची एक पिन मोकळी राहते, आणि मुख्य म्हणजे सगळ्या फोनची वीज एका जागी येते. त्या एका स्विचला बॅकअप दिला की सगळे फोन बॅकअपवर आले. प्रत्येक टेबलाखाली वेगळा यूपीएस घेण्याची भानगड नाही.

लॅनच्या वायरीत ४८ व्होल्ट असतात म्हणे. चुकून लॅपटॉप लावला तर जळेल का?

प्रमाणित पीओई स्विच असेल तर नाही. असा स्विच आधी अगदी कमी व्होल्टेज सोडून पलीकडे काय आहे ते तपासतो. फोनमध्ये सुमारे २५ किलोओहमचा ठरावीक रोध असतो, तो सापडला तरच पूर्ण वीज सोडतो. लॅपटॉपमध्ये तो नसतो, त्यामुळे नुसता डेटा जातो. फोनच्या ‘पीसी’ भोकातूनही वीज पुढे जात नाही.

पण सीसीटीव्ही आणि वायफाय अँटेनासोबत जे इंजेक्टर येतात, त्यांतले काही न विचारता वीज सोडतात. कुठे २४ व्होल्ट, कुठे ४८. त्यांना पॅसिव्ह पीओई म्हणतात. कॅमेऱ्याच्या कामातून उरलेला असा इंजेक्टर फोनला किंवा कॉम्प्युटरला लावू नका. पीओई स्विच घेतानाही खोक्यावर ८०२.३एएफ किंवा ८०२.३एटी लिहिलंय का बघा. पहिलं प्रमाण २००३ चं, पोर्टमागे १५.४ वॅटपर्यंत. दुसरं २००९ चं, ३० वॅटपर्यंत. टेबलावरच्या साध्या फोनला पहिलं भरपूर झालं.

राऊटरचा ॲडॉप्टर फोनला बसतोय. चालेल का?

पिन बसली म्हणजे व्होल्टेज जुळलं असं नाही. काही फोन ५ व्होल्टचे, काही १२ चे, आणि सिस्कोच्या बऱ्याच जुन्या फोनना ४८ लागतात. गोल पिन मात्र सगळ्यांची सारखीच दिसते. ५ व्होल्टच्या फोनला १२ व्होल्टचा ॲडॉप्टर लावला की स्क्रीन एकदा लुकलुकते, करपट वास येतो आणि काम संपतं. वॉरंटीतही बसत नाही.

फोनच्या पाठीवरच्या स्टिकरवर व्होल्ट आणि अँपिअर दोन्ही लिहिलेले असतात. व्होल्ट तंतोतंत तेवढेच हवेत. अँपिअर तेवढे किंवा जास्त असले तरी चालतात. बसवतानाच प्रत्येक ॲडॉप्टरच्या वायरीला पांढरी चिकटपट्टी लावून ‘फोन’, ‘राऊटर’, ‘फायबर’ असं पेनाने लिहून ठेवा.

पीओई स्विचला २४ पोर्ट आहेत. म्हणजे २४ फोन चालतील ना?

फोन चालतील, पण हिशोब करून. स्विचला एकूण विजेची मर्यादा असते, तिला बजेट म्हणतात. साधा फोन ३ ते ६ वॅट घेतो, मोठ्या रंगीत स्क्रीनचा त्याहून जास्त. १९० वॅट बजेटच्या स्विचवर २४ साधे फोन आरामात बसतात. पण त्याच स्विचवर कोणी चार फिरते कॅमेरे आणि दोन वायफायचे डबे लावले की बजेट संपतं आणि एखादा फोन कारण न सांगता बंद पडतो. कॅमेरेवाला येऊन गेल्यानंतर फोन बंद पडला असेल तर इथेच शोधा.

यूपीएस किती मोठा लागेल?

आधी वॅट मोजा. समजा १५ फोन आहेत, सरासरी ५ वॅट धरले तर ७५. स्विचचे स्वतःचे २५, राऊटर आणि फायबरचा डबा मिळून २०. एकूण १२० वॅट.

कॉम्प्युटरचा नेहमीचा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटचा असतो, म्हणजे भार तो पेलतो. प्रश्न वेळेचा आहे. त्याच्या आत १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची एकच बॅटरी असते, म्हणजे कागदावर ८४ वॅट-तास. प्रत्यक्षात हाती निम्मेच लागतात. १२० वॅटवर वीस-पंचवीस मिनिटं, तीही बॅटरी नवी असताना. महावितरणची देखभालीची कामं निघाली तर ती तासाभराच्या आत उरकत नाहीत, हे आपल्याला माहीत आहे.

तीच १५० अँपिअर-अवरची मोठी इन्व्हर्टर बॅटरी असेल तर १८०० वॅट-तास. त्यातले हजार-बाराशे तरी कामी येतात, म्हणजे आठ तासांच्या आसपास. म्हणून फोनचा स्विच, राऊटर आणि फायबरचा डबा एवढं तिघांचं वेगळं सर्किट काढून इन्व्हर्टरवर टाका, असं आम्ही सांगतो. इन्व्हर्टरच्या मागे ‘यूपीएस मोड’चं बटण असतं, ते चालू करा. नाहीतर लाईट जाऊन इन्व्हर्टर उचलेपर्यंतच्या क्षणात स्विच रीस्टार्ट होतो आणि सगळे फोन पुन्हा उभे राहायला दोन-तीन मिनिटं घेतात. ऐन सौद्याच्या वेळी हळदीचा भाव विचारणाऱ्या व्यापाऱ्याला ती दोन मिनिटं फार मोठी वाटतात.

कॉम्प्युटर मात्र या सर्किटवर घेऊ नका. एक डेस्कटॉप आणि मॉनिटर मिळून कामाच्या वेळी शंभर वॅटच्या आगेमागे जातात. चार कॉम्प्युटर त्यावर टाकले की फोनचे आठ तास दोनावर येतात. त्यांना ज्याचा त्याचा छोटा यूपीएस, काम सेव्ह करून बंद करण्यापुरता.

लेझर प्रिंटर यूपीएसवर लावला तर?

लावू नका. कागद तापवताना तो काही क्षण ८००-१००० वॅटच्या घरात जातो. यूपीएस किंचाळतो आणि सगळंच बंद करतो. प्रिंटर सरळ भिंतीतल्या सॉकेटवर.

आमच्याकडे सगळ्याला बॅकअप आहे, तरी लाईट गेल्यावर नेट जातं. का?

कारण साखळी तुमच्या दारात संपत नाही. फायबर थेट मोठ्या केंद्रावरून येत असेल आणि वाटेत फक्त काचेचे स्प्लिटर (एका फायबरच्या अनेक शाखा करणारे) असतील, तर मध्ये वीज लागत नाही. तुमचा डबा चालू असला की नेट चालू. पण काही स्थानिक केबलवाले खांबावरच्या किंवा कोणाच्या तरी गच्चीवरच्या पेटीत विजेवर चालणारा स्विच ठेवतात. त्या गल्लीतली लाईट गेली की पेटीतली छोटी बॅटरी संपेपर्यंतच नेट.

कनेक्शन घेतानाच विचारा, ‘मध्ये विजेवरचं काही आहे का?’ उत्तर देताना माणूस अडखळला तर समजा. दवाखाना, पतसंस्था, ॲम्ब्युलन्सचा नंबर असलेलं ऑफिस, अशा ठिकाणी दुसरी लाईन घ्याच. ती दुसऱ्या कंपनीची आणि दुसऱ्या रस्त्याने येणारी हवी. एकाच खांबावरून आलेल्या दोन लाईनी जेसीबीच्या एकाच फटक्यात जातात. आणि लाईन बंद पडली तर कॉल मोबाईलवर वळवण्याची सोय सेवा देणाऱ्याकडे सहसा असते, ती चालू करून ठेवा.

कॉम्प्युटरच्या कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात. नेटवर्कमुळे आहे का?

नाही, अर्थिंग नाही म्हणून. कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमधला फिल्टर थोडीशी वीज अर्थकडे सोडत असतो. अर्थ जोडलेलाच नसेल तर ती कॅबिनेटवर राहते आणि मीटर लावला तर २३० च्या निम्म्याच्या आसपास दाखवतो. करंट अगदी कमी असतो म्हणून नुसत्या झिणझिण्या. पण हीच गळती लॅनच्या वायरीवाटे फोन आणि स्विचपर्यंतही भटकते. पोर्ट वारंवार जाण्यामागे कधी कधी हेच निघतं.

जुन्या वाड्यांत थाटलेल्या ऑफिसांत तीन पिनचं सॉकेट असतं, पण वरच्या मोठ्या भोकामागे वायरच नसते. कुठे प्लगची तिसरी पिन कापून दोन पिनांत ठोकलेली असते. वायरमनला बोलावून न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातलं व्होल्टेज मोजायला सांगा. साधारण ३ व्होल्टच्या आत हवं. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी घालणं हे कोणाचंच काम नसतं, म्हणून ते ऑफिसातल्या एकाला नावानिशी सांगून ठेवा. हे काम फोन यायच्या आधी करून घ्यायचं, नंतर नाही.

जुन्या इंटरकॉमच्या वायरी भिंतीत आहेत. त्याच वापरता येतील का?

आयपी फोनला नाही. त्याला आठ तारांची लॅन केबल लागते. उलट सावध राहा. चालू टेलिफोन लाईनची बारीक पिन लॅनच्या भोकात सैलशी बसते, आणि त्या लाईनवर फोन ठेवलेला असताना ४८ व्होल्ट आणि रिंग येताना त्याहून बरंच जास्त एसी व्होल्टेज असतं. पोर्ट जाऊ शकतो.

जुने फोन टाकून द्यायचे नसतील, गेटवरच्या वॉचमनच्या केबिनपर्यंत जुनीच वायर असेल, किंवा फॅक्स ठेवायचा असेल, तर एटीए नावाचा छोटा डबा मिळतो. एका बाजूला लॅन, दुसऱ्या बाजूला साधा फोन. जुनी वायर आणि जुना फोन दोन्ही वापरात राहतात.

लॅनची केबल कुठली घ्यावी? दुकानात एक बंडल दुसऱ्याच्या निम्म्या किमतीत मिळतंय.

कॅट ६, आणि शुद्ध तांब्याची. निम्म्या किमतीतलं बंडल बहुधा तांब्याचा मुलामा दिलेल्या अल्युमिनिअमचं असतं. अल्युमिनिअमचा रोध तांब्याच्या दीडपटीहून थोडा जास्त. नुसत्या डेटाला काही दिवस चालून जातं, पण पीओईची वीज त्यातून नेली की लांबच्या फोनपर्यंत व्होल्टेज पडतं, वायर तापते, आणि पंचिंग केलेल्या, म्हणजे पॉईंटमध्ये दाबून बसवलेल्या, जागी तार तुटते.

ओळखायचं कसं? बंडल उचलून बघा, हलकं लागेल. मग एक तार सोलून ब्लेडने खरवडा. तांबं आतपर्यंत तांबडं असतं. मुलाम्याच्या खाली पांढरी धातू दिसते. दुकानदारासमोरच करा, तो काही बोलणार नाही.

आणखी एक चलाखी म्हणजे एकाच केबलच्या आठ तारांतून दोन पॉईंट काढणं. १०० एमबीपीएसला चारच तारा लागतात म्हणून ते चालतं, पण गिगाबिटला आठही लागतात आणि काही पीओई स्विच नेमक्या उरलेल्या चार तारांतूनच वीज सोडतात. कामगाराने असं केलेलं दिसलं तर तिथेच थांबवा.

लाईटच्या पट्टीतूनच लॅनची वायर नेली तर चालेल? भिंत फोडायची नाही.

नको. एकाच केसिंगमध्ये २३० व्होल्टची आणि लॅनची वायर एकत्र घालू नये. कुठे इन्सुलेशन उंदराने कुरतडलं तर २३० व्होल्ट थेट फोनवर येतील. मार्केट यार्डात उंदीर ही काल्पनिक गोष्ट नाही. दुसरी पट्टी घ्या, थोडं अंतर ठेवा, आणि ओलांडायची वेळ आलीच तर काटकोनात ओलांडा.

ऑफिस पुढे आणि गोडाऊन मागे, मध्ये मोठं आवार. गोडाऊनमध्ये फोन द्यायचाय.

तांब्याची लॅन केबल स्विचपासून फोनपर्यंत, पॅचकॉर्ड (टोकांना जोडायच्या छोट्या वायरी) धरून, १०० मीटर. त्यापुढे भरवसा नाही. पण ७० मीटरच असलं तरी दोन इमारतींच्या मधून उघड्यावरून तांबं नेऊ नका, असाच आमचा सल्ला आहे. एप्रिल-मे महिन्यात वळवाचा पाऊस येतो, तेव्हा वीज केबलवर पडावी लागत नाही. जवळपास पडली तरी लांब तारेत जो झटका निर्माण होतो त्यात दोन्ही टोकांचे स्विच जातात. मध्ये फायबर टाका. काचेतून वीज जात नाही. गोडाऊनच्या टोकाला छोटा पीओई स्विच आणि त्याला तिथलाच यूपीएस. हा यूपीएस लोक विसरतात.

काल संध्याकाळपर्यंत सगळं नीट होतं. आज सकाळपासून एकही फोन नाही, एकही कॉम्प्युटर नाही.

स्विचकडे बघा. सगळे हिरवे दिवे एकाच तालात, वेड्यासारखे लुकलुकत असतील तर लूप झालाय. म्हणजे एकाच वायरीची दोन्ही टोकं नेटवर्कात गेलीत. दिवाळीच्या साफसफाईनंतर हे हमखास होतं. फोन पुसायला उचललेला असतो, एक टोक मोकळं लोंबताना दिसतं, आणि कोणीतरी भल्या मनाने ते भिंतीतल्या दुसऱ्या पॉईंटमध्ये खुपसतं. फोनची दोन्ही भोकं भिंतीला जोडली गेली की डेटाची पाकिटं गोल गोल फिरत राहतात आणि दुसऱ्या कशालाच जागा उरत नाही. काल ज्या टेबलाला हात लागला तिथून सुरुवात करा. एक-एक वायर काढत जा. योग्य वायर निघाली की दिवे लगेच शांत होतात. चांगल्या स्विचमध्ये लूप ओळखून तो पोर्ट बंद करण्याची सोय असते. ती बसवतानाच चालू करून मागा.

दिवे नेहमीसारखे आहेत, पण काही टेबलं चालतात आणि काही नाहीत? मग कोणीतरी घरचा जुना राऊटर आणून ‘वायफायसाठी’ नेटवर्कात लावलाय का विचारा. तो आपल्या मनानेच सगळ्यांना नेटवर्कातले पत्ते (आयपी ॲड्रेस) वाटायला लागतो आणि ज्यांना ते पत्ते मिळतात ते भरकटतात. कॉम्प्युटरचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर गोष्ट वेगळी. त्याला पत्ता देणारं कोणी भेटलेलंच नाही, म्हणजे वायर किंवा राऊटर बघा.

१०० एमबीपीएसचा प्लॅन आहे, तरी आवाज तुटतो.

कारण आवाजाला वेग फार लागत नाही, वेळेवर पोचणं लागतं. एका कॉलला नेहमीच्या पद्धतीत दोन्ही दिशांना साधारण १०० केबीपीएस पुरतात. दहा कॉल एकदम चालू असले तरी १ एमबीपीएस. पण तोंडातून निघालेला आवाज समोरच्याच्या कानात १५० मिलिसेकंदांच्या आत पोचायला हवा. त्याहून उशीर झाला की दोघं एकाच वेळी बोलायला लागतात.

तुटणं बहुधा अपलोडला असतं. दुपारी कोणीतरी शंभर फोटो पाठवतं, टॅलीचा बॅकअप क्लाऊडवर चढत असतो, कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग मालकाच्या मोबाईलवर चाललेलं असतं. आवाजाची बारीक पाकिटं त्या रांगेत मागे उभी राहतात. मोठा प्लॅन घेण्याआधी राऊटरमध्ये आवाजाला अग्रक्रम देण्याची सेटिंग करून घ्या आणि बॅकअप रात्री लावा. एवढ्यावर बहुतेकांचं भागतं.

समोरच्याचं ऐकू येतं, आपलं त्याला जात नाही. किंवा कॉल दरवेळी अर्ध्या मिनिटात कटतो.

कॉल लावण्याचे निरोप आणि प्रत्यक्ष आवाज वेगवेगळ्या वाटांनी जातात. राऊटरने एक वाट सोडली आणि दुसरी अडवली की असं होतं. राऊटरच्या मेनूत ‘एसआयपी एएलजी’ नावाची सेटिंग असते. मदतीसाठी दिलेली आहे, पण बरेचदा तीच घोळ घालते. ती बंद करून बघा. कॉल बरोबर ३२ सेकंदांनी तुटत असेल तर जवळजवळ नक्कीच राऊटरचा प्रश्न आहे. फोन तेवढा वेळच पोच मिळायची वाट बघतो आणि मग सोडून देतो. फोन बदलून काही उपयोग नाही.

तुम्ही व्हीलॅन करू म्हणालात. लागतो का?

पाच-सहा फोन असतील तर सोडून द्या. त्याहून मोठ्या ऑफिसात करा. एकाच केबलीत फोनचं नेटवर्क वेगळं आणि कॉम्प्युटरचं वेगळं चालतं, मग कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरून गोंधळ घातला तरी फोन वाजत राहतात. फक्त त्यासाठी मॅनेज्ड स्विच, म्हणजे आतली सेटिंग बदलता येणारा, लागतो. साध्या स्विचवर करून देतो म्हणणाऱ्याला कसं ते विचारा.

माझं टेबल खिडकीजवळ नेलं. नंबर बदलेल का?

नाही. नंबर फोनबरोबर जातो, भिंतीतल्या पॉईंटबरोबर नाही. फोन उचला, दुसऱ्या पॉईंटला लावा, एक-दोन मिनिटांत तोच नंबर येईल. फक्त तो पॉईंट पीओई स्विचलाच जोडलेला हवा. पॅचकॉर्डची क्लिप मोडली असेल तर नवी घ्या. क्लिप मोडलेली वायर पायाच्या धक्क्याने सुटते आणि तक्रार ‘फोन मध्येच जातो’ अशी येते.

वायफायवर चालणारे फोन घेऊ का? वायरिंगच नको.

फिरतीच्या माणसाला, गोडाऊन सांभाळणाऱ्याला ठीक. टेबलावर बसणाऱ्याला नको. वीज तर लागणारच, म्हणजे ॲडॉप्टर आला, आणि शेजारच्या दहा ऑफिसांचं वायफाय त्याच हवेत.

स्विच आणि राऊटर कुठे ठेवायचे?

सांगलीत या प्रश्नाला दोन खास उत्तरं आहेत.

पहिलं, हळद. यार्डातल्या दुकानांत रॅक उघडला की स्विचच्या जाळीवर पिवळा थर बसलेला असतो, पंख्याच्या पात्यांवर तर बोटाने नाव काढता येईल इतका. पंखा अडकतो, स्विच तापतो, आणि उन्हाळ्यात दुपारी दोनला बंद पडून संध्याकाळी आपोआप चालू होतो. अशा जागी पंखा नसलेला स्विच घ्या, रॅक बंद दाराचा घ्या, आणि मोकळ्या पोर्टना रबरी बुचं लावा. ब्लोअर मारायचा तर स्विच बाहेर नेऊन मारा. पंखा असेल तर तो हाताने धरून मारा.

दुसरं, कृष्णा. आयर्विन पुलाजवळ ४० फुटांना इशारा पातळी आणि ४५ ला धोका पातळी. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, आणि २०२१ च्या जुलैत पुन्हा शहरात शिरलं. तुमच्या जागेत २००५ ला किंवा २०१९ ला पाणी आलं होतं का, ते शेजारच्या जुन्या दुकानदाराला विचारा, तो भिंतीवरची खूण दाखवेल. रॅक, इन्व्हर्टर आणि बॅटरी त्या खुणेच्या वर, जमलं तर पहिल्या मजल्यावर. तळमजल्यावरचे पॉईंटही टेबलाच्या उंचीला घ्या, जमिनीलगत नको. पाणी चढायला लागलं तर आधी मेन बंद करा आणि मग सोडवा. स्विच आणि फोन हलके असतात, पोत्यात भरून वर नेता येतात. सोडवण्याआधी मोबाईलवर फोटो काढा, म्हणजे परत जोडताना कुठली वायर कुठे होती ते कळेल. जे भिजलं ते वाळलंय असं वाटून चालू करून बघू नका. आत गाळ राहिलेला असतो, त्यातून शॉर्ट होतो. आधी कोणाकडून तरी उघडून साफ करून घ्या.

फोन बंद पडला. तुम्हाला बोलवण्याआधी काय बघू?

स्क्रीन पूर्ण काळी असेल तर विजेचा प्रश्न. शेजारचा चालू फोन काढून त्याची वायर या फोनला लावा. चालू झाला तर फोन चांगला आहे, तुमची वायर किंवा स्विचचा पोर्ट गेलाय. स्क्रीन चालू आहे पण ‘नेटवर्क’ नाही म्हणतोय, तर वायर किंवा भोक चुकलंय. ‘रजिस्टर’ होत नाही म्हणतोय आणि शेजारच्यांचं चालू आहे, तर त्या एका नंबरचा प्रश्न, आम्हाला कळवा. सगळ्यांचंच तसं असेल तर इंटरनेट बघा. फोन ‘अपडेट’ म्हणत असेल तर हात लावू नका. मध्येच वीज काढलेला फोन कधी कधी परत उठत नाही.

हे काम वायरमनकडून करून घेऊ की नेटवर्कवाल्याकडून?

२३० व्होल्टचं सगळं, म्हणजे सॉकेट, एमसीबी, अर्थिंग, इन्व्हर्टरचं सर्किट, हे परवानाधारक वायरमनचं. लॅन, रॅक, फोन आमचं. दोघांना एकाच दिवशी बोलवा, नाहीतर पट्टी कोणी आधी ठोकायची यावरून तुमचाच दिवस जातो.

काम संपल्यावर तुमच्याकडून काय काय मागून घ्यायचं?

कुठला पॉईंट स्विचच्या कुठल्या पोर्टला जातो त्याची यादी, रॅकच्या दाराच्या आतून चिकटवलेली. भिंतीतल्या पॉईंटवर तेच आकडे. राऊटर, स्विच आणि फोनच्या सिस्टीमचे पासवर्ड, बंद पाकिटात, मालकाच्या हातात. ते फक्त आमच्याकडे किंवा फक्त दिवाणजींच्या मोबाईलमध्ये असू नयेत. फोन आणि स्विचची बिलं, वॉरंटीसाठी. आणि शेवटचा हप्ता देण्याआधी आमच्यासमोर मेन स्विच खाली ओढा. फोन बंद न पडता चालू राहिले, बाहेरून मोबाईलवरून केलेला कॉल लागला, की पैसे द्या.